इन्फ्लिक्सिमॅब सुरू होण्याआधी इन्फेक्शनची काय काय काळजी घ्यायची? (नवरा, यूसी)

निळी_छत्री:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलचक झालं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याला ४ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (यूसी, मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे. मेसालामाइनवर (आतड्याची सूज कमी करणारं औषध) ठीक चाललं होतं पण गेल्या वर्षभरात दोनदा फ्लेअर आला, म्हणजे आजार उसळला, दोन्ही वेळा स्टिरॉइड द्यावं लागलं, आणि आत्ता तिसऱ्यांदा डोस ४० मिग्रॅवर गेलाय. आता डॉक्टर म्हणतायत की असं स्टिरॉइडवर किती दिवस ढकलणार, अझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब सुरू करू. त्याआधी टेस्टची ही एवढी यादी दिलीय. टीबीची रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी च्या तीन वेगवेगळ्या टेस्ट, कांजिण्यांच्या अँटीबॉडी, स्टूलची कसलीतरी टॉक्सिन टेस्ट. वर लसींची यादी वेगळी. नवरा वैतागलाय, म्हणतो मला पोटाचा आजार आहे, छातीचे फोटो कसले काढताय, आणि टीबी तर मला कधी झालाच नाही.

मला खरं सांगायचं तर भीती वाटतेय. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध म्हटल्यावर मी घरात जिथे तिथे सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवल्यात, दाराशी, बाथरूममध्ये, पलंगाशी. आम्हाला १४ महिन्यांचं बाळ आहे, त्याच्या लसी चालू आहेत, आणि कोणीतरी सांगितलं की बाळाला जिवंत लस दिली की त्यातला विषाणू नवऱ्याला लागू शकतो. आता बाळाच्या लसी थांबवायच्या का? नवऱ्याने वेगळं टॉयलेट वापरायचं का? मास्क कायमचा का?

आणि एक. गेल्या आठवड्यात आम्हा दोघांनाही जुलाब झाले, माझे दोन दिवसांत थांबले, त्याचे अजून चालूच आहेत. हा फ्लेअर की इन्फेक्शन? घरचे म्हणतायत जुलाब थांबवायची गोळी दे म्हणून.

आतड्याचा_मालक:

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तेच सगळ्यात घाईचं आहे. ती जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा, सांगा की जुलाब चालू आहेत, घरात दुसऱ्यालाही झाले होते, आणि यादीतली ती स्टूलची टेस्ट लगेच करून घ्या. इन्फेक्शन असताना किंवा कोलायटिस जोरात असताना आतड्याची हालचाल बंद पाडली तर मोठं आतडं फुग्यासारखं फुगण्याचा धोका असतो आणि ते प्रकरण सरळ ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं.

हे मी एवढ्या ठामपणे का सांगतोय ते ऐका. मला क्रोन्स आहे, यूसीसारखाच आतड्याच्या सुजेचा आजार, ११ वर्षं झाली. चौथ्या की पाचव्या वर्षी दाताचं काम केलं, त्यासाठी अँटिबायोटिक घेतलं, आणि तीन आठवड्यांनी पोट बिघडलं. दिवसाला दहा-बारा वेळा, कळा, बारीक ताप. मी काय केलं, तर मला वाटलं नेहमीचाच फ्लेअर, जुना कागद काढला, त्यावर लिहिलेला स्टिरॉइडचा डोस स्वतःच्या मनाने सुरू केला. हो, माहितीये, मूर्खपणा. आठवडा गेला, बरं तर नाहीच, उलट उठवेना. शेवटी ॲडमिट झालो, स्टूल टेस्ट केली तर निघालं सी डिफ, म्हणजे क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल नावाच्या जंतूचं इन्फेक्शन. तोंडाने व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केलं आणि चौथ्या दिवशी माणसात आलो. माझ्या क्रोन्सने त्या वेळी काहीच केलेलं नव्हतं बिचाऱ्याने, आणि मी त्याच्यावरच डोस चढवत बसलो होतो.

तेव्हापासूनचा माझा एक नियम आहे, फ्लेअर म्हणायच्या आधी स्टूल टेस्ट. लक्षणं सेम टू सेम असतात, आतून कुठलं आहे ते आपल्याला कळत नाही, डॉक्टरलाही नुसतं पोट दाबून कळत नाही. आणि सी डिफ व्हायला दर वेळी अँटिबायोटिक घेतलेलंच असावं लागतं असं नाही, आपल्यासारख्यांना त्याशिवायही होतं.

टेस्टच्या यादीवर वैतागू नका म्हणावं. मी पण वैतागलो होतो. त्या यादीत मला हिपॅटायटिस बी ची लस कधी मिळालीच नव्हती हे कळलं.

स्लाइडवाला:

लॅबमध्ये काम करतो म्हणून नमुन्याबद्दल दोन शब्द, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

सी डिफची टेस्ट पातळ शौचाचीच करतात, बांधून झालेली आणलीत तर चांगली लॅब परत पाठवते, आणि बरोबर करते. हा जंतू नुसता राहायला पण असतो काही लोकांच्या आतड्यात, त्रास न देता, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि विनाकारण औषध सुरू होतं. त्याच कारणाने बरं झाल्यावर 'गेला का बघू' म्हणून परत टेस्ट करू नका, जुलाब थांबल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते.

नमुना ताजा द्या. सकाळचा डबा दुपारी आणून दिला तर टॉक्सिन, म्हणजे जंतूने सोडलेलं विष, तुटायला लागतं, आणि अमिबाची हालचाल करणारी रूपं तर त्याच्याही आधी मरतात. परजीवी शोधायचे असतील तर एका नमुन्यावर समाधान मानू नका, वेगवेगळ्या दिवशीचे तीन द्या.

अमिबाचं मुद्दाम सांगतोय. त्याने होणारा कोलायटिस दुर्बिणीतून कधीकधी हुबेहूब यूसीसारखा दिसतो, रक्त, आव, सगळं तेच. त्यावर स्टिरॉइड दिलं तर आगीत तेल. तसाच दुसरा एक गुप्त भाडेकरू, स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत. अनवाणी चालताना मातीतून कातडीतून शिरतो आणि पोटात स्वतःचीच नवी पिढी तयार करत वर्षानुवर्षं राहतो, माणसाला पत्ताही नसतो. स्टिरॉइड चालू झालं की तो एकदम वाढून अंगभर पसरू शकतो. लहानपणी मातीत अनवाणी खूप फिरलेला माणूस असेल आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी स्टूलची टेस्ट) वाढलंय म्हणजे फ्लेअरच, असं धरून चालू नका. साध्या इन्फेक्शनमध्येही ते वाढतं.

रात्रपाळी:

मी पोटविकाराच्या वॉर्डात नर्स आहे, नाव बघून कळलंच असेल कधी लिहितेय ते.

छत्रीताई, तुमच्या त्या सॅनिटायझरच्या बाटल्यांबद्दल. टाकून नका देऊ, पण बाथरूममधली उचला आणि तिथे साबण ठेवा. सी डिफ बीजाणू करून राहतो, म्हणजे जाड कवच घालून झोपलेला जंतू, त्याच्यावर अल्कोहोलचा काडीचा परिणाम होत नाही. साबण-पाण्यानेही तो मरत नाही खरं तर, पण चोळून वाहून जातो, आणि आपल्याला तेवढं पुरे. नोरोव्हायरसचंही तसंच, सॅनिटायझर त्याला फारसा पुरत नाही. तुम्हा दोघांना एकाच वेळी झालं म्हणता त्यावरून मला आधी असल्याच कुठल्यातरी विषाणूची शंका येते, पण टेस्ट करा, माझ्या शंकेवर जाऊ नका. तर टॉयलेटनंतर, डायपर बदलल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी साबण आणि वाहतं पाणी, किमान २० सेकंद, बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याला आणि नखांखाली. अंगठा सगळे विसरतात. आमच्याकडचे मोठे डॉक्टरपण विसरतात, सांगायला गेलं की हसतात.

सर्दी-फ्लूसाठी, बाहेर असताना सॅनिटायझर उत्तम. ज्याचं काम त्याला द्या एवढंच.

वेगळं टॉयलेट कायम लागत नाही हो. यूसी काही संसर्गजन्य नाही. पण आत्ता जुलाब चालू आहेत तोवर, आणि सी डिफ निघालं तर नक्कीच, शक्य असेल तर वेगळं वापरा. शक्य नसेल तर झाकण लावून फ्लश, आणि सीट, फ्लशचं बटण, नळ, दाराची कडी हे रोज ब्लीचने पुसा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, रोज ताजं करायचं, पुसल्यावर दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं आणि मग पाण्याने पुसायचं. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. मी हे दर वेळी सांगते कारण दर वेळी कोणीतरी करतंच.

तुमचे जुलाब थांबले असले तरी थांबल्यापासून ४८ तास तरी दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, नोरोव्हायरस असेल तर बरं वाटल्यावरही तो शौचातून दोनेक आठवडे बाहेर पडत असतो. त्यामुळे हात धुण्यात ढिलाई नको.

आणि त्यांना पाणी कमी पडू देऊ नका. ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण घालायचं, लिटरचं असेल तर लिटरभर. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने टाकणं म्हणजे मिठाचं प्रमाण बिघडवणं.

उलटसुलट:

एवढ्या लसी आणि टेस्ट कशाला, सगळा धंदा आहे. त्यापेक्षा इम्युनिटी वाढवणारं काहीतरी द्या, प्रतिकारशक्ती चांगली झाली की सगळे आजार आपोआप जातात. लसीने यूसी भडकतो असंही वाचलंय.

आतड्याचा_मालक:

@उलटसुलट भाऊ, यूसीवाल्याची प्रतिकारशक्ती कमी नसते, ती चुकीच्या पत्त्यावर काम करत असते, स्वतःच्याच आतड्यावर. तिला अजून खतपाणी घालून काय करू? मी दर वर्षी फ्लूची लस घेतो, एकदाही फ्लेअर आला नाही. माझं एकट्याचं उदाहरण म्हणजे पुरावा नाही हे मान्य, पण डॉक्टर येतीलच सांगायला.

अर्धवेळ_डॉक्टर:

आलो. इथे कोणाला प्रिस्क्रिप्शन देत नाही, पण यादीमागचं कारण सांगतो, कारण कारण कळलं की माणूस टेस्ट मुकाट्याने करतो.

टीबीपासून सुरू करू. टीबीचा जंतू शरीरात शिरला की बहुतेक लोकांना आजार होतच नाही. आपल्या पेशी त्याच्याभोवती तटबंदी करून त्याला आत कोंडून ठेवतात, वर्षानुवर्षं. माणूस ठणठणीत असतो, 'मला टीबी कधी झालाच नाही' असं म्हणतो आणि खोटंही बोलत नसतो. ती तटबंदी टिकवायला टीएनएफ नावाचं रसायन लागतं. इन्फ्लिक्सिमॅब नेमकं तेच टीएनएफ अडवतं. आतड्याची आग विझते, पण तिकडे तटाचे दगड निसटायला लागतात. हे औषध क्रोन्ससाठी १९९८ मध्ये आलं आणि २००१ मध्ये ते घेणाऱ्या ७० जणांना टीबी झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, त्यातल्या अर्ध्याहून जास्त जणांना फुप्फुसाबाहेर झाला होता. तेव्हापासून औषधाआधी टीबी शोधणं सक्तीचंच झालंय म्हणा ना. लपलेला टीबी सापडला तरी औषध कायमचं हातचं जात नाही, प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिन्याभराने सुरू करता येतं.

आणि आतड्याचा टीबी आणि क्रोन्स एकमेकांचे जुळे भाऊ आहेत, दोघांनाही लहान आतडं मोठ्याला मिळतं तीच जागा आवडते. म्हणून छातीचा फोटो पोटाच्या माणसाचा.

हिपॅटायटिस बी तसाच. विषाणू यकृतात गप्प पडलेला असू शकतो आणि औषधाने उसळी मारू शकतो. तीन टेस्ट अशासाठी की एक सांगते आत्ता विषाणू आहे का, दुसरी सांगते पूर्वी कधी होऊन गेला का, तिसरी सांगते संरक्षण आहे का. तिसरीचा आकडा १० च्या वर हवा. तीनही निगेटिव्ह आल्या तर लस, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी आकडा परत बघायचा, कारण या औषधांवर असताना लसीचा परिणाम कमी होतो. म्हणून लसी शक्यतो आधी उरकाव्यात म्हणतो आम्ही. पण फ्लेअर जोरात असेल तर लसींसाठी उपचार लांबवायचे नाहीत, निष्क्रिय लसी औषध चालू असतानाही देता येतात.

लसींच्या दोन जाती लक्षात ठेवा. निष्क्रिय: इंजेक्शनची फ्लू लस दर वर्षी, न्यूमोकॉकल, हिपॅटायटिस बी, नागिणीची नवी रीकॉम्बिनंट लस, वयात बसत असेल तर एचपीव्ही. या कधीही चालतात. जिवंत: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, तोंडाने घ्यायची टायफॉइड, नाकात मारायची फ्लू. या औषधाच्या किमान चार आठवडे आधी, नाहीतर नाही. तुमचे मिस्टर आत्ताच ४० मिग्रॅ स्टिरॉइडवर आहेत. २० मिग्रॅ किंवा जास्त, दोन आठवडे किंवा जास्त, म्हणजे प्रतिकारशक्ती दबलेलीच धरतात, त्यामुळे जिवंत लसींचं दार त्यांच्यासाठी आत्ता बंदच आहे. हे लोकांना कळत नाही, सगळे नव्या औषधाला घाबरतात आणि स्टिरॉइड मात्र घरचं समजून खातात. माझ्या अनुभवात इन्फेक्शनचा जास्त त्रास त्या लांबलेल्या स्टिरॉइडने आणि ताब्यात नसलेल्या आजाराने होतो.

लसीने यूसी भडकतो हे अभ्यासांत दिसलेलं नाही.

स्टिरॉइड चालू असूनही फ्लेअर हटत नसेल तर सी डिफसोबत सीएमव्ही नावाच्या विषाणूचाही विचार करतात, त्यासाठी दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घ्यावा लागतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आठवा_महिना:

मध्येच घुसते, सॉरी. मी ॲडॅलिम्युमॅबवर आहे (इन्फ्लिक्सिमॅबसारखंच टीएनएफ अडवणारं औषध), क्रोन्स, आणि आठवा महिना चालू आहे. बाळाच्या लसींचं काय?

अर्धवेळ_डॉक्टर:

@आठवा_महिना, बरं झालं आत्ताच विचारलंत. हे औषध नाळेतून बाळाकडे जातं आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतं. त्यामुळे जन्मल्याबरोबर देतात ती बीसीजी आणि तोंडाने देतात ती रोटाव्हायरस, या दोन जिवंत लसींबद्दल बाळाच्या डॉक्टरांशी डिलिव्हरीच्या आधी बोलून ठेवा. बीसीजी किमान सहा महिने पुढे ढकलतात, काही जण वर्षभर थांबतात. बाकीच्या निष्क्रिय लसी वेळेवर. फाइलवर ठळक लिहून न्या, लेबर रूमच्या गडबडीत कोणी विचारत नाही. आणि तुमचं औषध स्वतःहून बंद करू नका.

छत्रीताई, तुमच्या बाळाचं प्रकरण वेगळं आहे, तुमच्या बाळाला औषधाचा काही संबंध नाही. त्याच्या लसी थांबवू नका. उलट घरातल्या सगळ्यांनी लसी घेतलेल्या असणं हेच तुमच्या मिस्टरांचं कुंपण. गोवर-गालगुंडची लस घेतलेल्या बाळाकडून विषाणू पसरत नाही. कांजिण्यांच्या लसीनंतर क्वचित पुरळ येतं, आलं तर ते सुकेपर्यंत बाबांनी बाळाला जवळ घेऊ नये, नाही आलं तर काही नाही. पोलिओ मात्र तोंडाचे थेंब टाळून इंजेक्शनने मिळतो का विचारा, थेंबातला विषाणू शौचातून बाहेर पडतो. रोटाव्हायरसच्या लसीचं वय तुमच्या बाळाचं उलटून गेलंय. डायपर सध्या तुम्हीच बदला.

खऱ्या कांजिण्या झालेल्या कोणाशी मिस्टरांचा संपर्क आला आणि अँटीबॉडी निगेटिव्ह असतील तर पुरळ यायची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी फोन.

मास्क कायमचा नाही. फ्लूची साथ असेल, हॉस्पिटलच्या गर्दीत बसायचं असेल तेव्हा वापरा. खाण्यात कच्चं दूध, अर्धकच्चं मांस आणि अंडं बंद. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, लिस्टेरिया नावाचा जंतू तर तिथेही आरामात वाढतो. ॲसिडिटीची गोळी उगाच चालू असेल तर तीही लागते का विचारा, पोटातलं ॲसिड हे जंतूंविरुद्धचं पहिलं फाटक आहे.

औषध सुरू झाल्यावर ३८ डिग्रीच्या वर ताप, दोन-तीन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्री घाम, वजन उतरणं, अंगावर एका बाजूला पाण्याचे फोड, यातलं काहीही झालं तर पुढचा डोस घ्यायच्या आधी कळवायचं.

निळी_छत्री:

सगळ्यांचे खूप आभार, तीन दिवसांनी लिहितेय. गोळी दिली नाही. स्टूलची टेस्ट झाली, सी डिफ निगेटिव्ह, परजीवी पण नाहीत, आणि रिपोर्ट यायच्या आतच जुलाब पूर्वीइतके कमी झाले. डॉक्टर म्हणाले विषाणूच असावा, स्टिरॉइडचा डोस वाढवायचा विचार चालला होता तो रद्द केला. नवऱ्याने छातीचा फोटो काढला, तटबंदीवालं वाचून दाखवलं त्याला, काही बोलला नाही पण गेला. हिपॅटायटिस बी तीनही निगेटिव्ह, लसीचा पहिला डोस काल घेतला.

टीबीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मात्र 'इंडिटरमिनेट' आलाय. हे काय नवीन? पॉझिटिव्ह का निगेटिव्ह?

स्लाइडवाला:

दोन्ही नाही. त्या टेस्टमध्ये एका नळीत मुद्दाम पेशींना डिवचतात, म्हणजे पेशी जाग्या आहेत का ते कळावं. त्यांच्या पेशींनी तिथेही प्रतिसाद दिला नाही, मग टीबीच्या नळीतल्या शांततेला अर्थ उरत नाही. ४० मिग्रॅ स्टिरॉइडवर हे अगदी नेहमीचं. नमुना उशिरा पोचला तरी होतं.

अर्धवेळ_डॉक्टर:

बरोबर. हा रिपोर्ट निगेटिव्ह समजून पुढे जाऊ नका. टेस्ट परत करतील, जोडीला हातावरची मँटू (टीबीची त्वचेवरची टेस्ट), कदाचित छातीचा सीटी. घरात, ऑफिसात कोणाला टीबी झाला होता का हे नवऱ्याला नीट आठवायला लावा, त्या माहितीचं वजन रिपोर्टइतकंच असतं.

निळी_छत्री:

विचारलं आत्ताच. हॉस्टेलचा रूममेट, सहा महिने औषध चालू होतं त्याचं. चार वर्षांत हे कधी बोलला नाही, म्हणे कोणी विचारलंच नाही. उद्या फाइल घेऊन जातोय.

रात्रपाळी:

फाइलवर पहिल्या पानावर लिहा ते. आणि बाथरूममधली बाटली हलवली का?

निळी_छत्री:

हलवली. साबण ठेवलाय. अंगठासुद्धा धुतोय आम्ही :)